मागचे ओझे : बोरघाटातील ओढीचा इतिहास

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मित्राचा मांडव आणि रोषणाईचा व्यवसाय होता. लोणावळ्यात एक लग्न होते आणि त्यासाठी जनरेटर न्यायचा होता. जनरेटर दोन चाकी ट्रेलरवर बसवलेला आणि ट्रेलर टेम्पोच्या मागे जोडलेला. पनवेल ते खोपोली काही त्रास झाला नाही. खोपोली सोडून घाट लागला आणि टेम्पोची ओढ संपली. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यात, दुसऱ्यावरून पहिल्यात आलो. पाण्याचा काटा लाल रेघेला टेकला. रेडिएटरमधून वाफ निघू लागली तेव्हा गाडी कडेला घेतली.

तक्रार नवी नव्हती. त्याआधीच्या वर्षभरात याच दुखण्यासाठी एका गॅरेजात इंजिन दोनदा उघडले होते. पिस्टनच्या रिंगा बदलल्या, डिझेलचा पंप कॅलिब्रेट करून आणला, रेडिएटर साफ केला. मित्राने त्यासाठी कर्ज काढले होते. आता तिसऱ्यांदा इंजिन खोलायचे म्हणजे टेम्पो विकायचीच वेळ.

खोपोलीहून एक वयस्क मिस्त्री आले. त्यांनी बॉनेट उघडले नाही. आधी विचारले, "पोरा, पहिलं काय झालं? ओढ गेली, का काटा चढला?" मी म्हटले, "आधी ओढ गेली काका, काटा मागनं चढला." दुसरा प्रश्न, "धूर कसला होता?" काळा, पण थोडा. मग ते टेम्पोच्या मागे गेले आणि एकेका चाकाच्या मध्यभागी, ड्रमजवळ, हाताची मागची बाजू नेऊन पाहू लागले. ट्रेलरच्या डाव्या चाकापाशी त्यांनी हात झटकन मागे घेतला. "इंजिन चांगलंय. दुखणं मागं आहे."

त्यांनी ट्रेलरच्या चाकांना दगड लावायला सांगितले, जोड सोडवला आणि इंजिन निवल्यावर टेम्पो एकटा त्याच वळणापर्यंत चढवून आणायला लावला. तो हसतखेळत चढला. ट्रेलरच्या हातब्रेकची तार गंजून अडकली होती. ब्रेक अर्धवट लागलेलाच राहत होता. सपाटीवर इंजिनाकडे शिल्लक ताकद असे, त्यामुळे कुणाच्या लक्षात आले नाही. घाटाने ती शिल्लक मागितली तेव्हा बिंग फुटले.

त्या दिवसापासून बोरघाटाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. शिक्षणाने मी इतिहासाचा नाही आणि अभियांत्रिकीचाही नाही. जुनी गॅझेटियर, रेल्वेच्या इतिहासाची पुस्तके आणि घाटातल्या माणसांच्या गप्पा यांतून जमेल तसे शिकत गेलो. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. चढावर गाडी थांबली की माणूस पुढच्या इंजिनाला दोष देतो. पण या घाटाने दोनशे वर्षांत जे शिकवले ते जवळजवळ सगळे मागच्या ओझ्याबद्दलचे आहे.

बैल आणि सडक

कोकण आणि देश यांच्या मधली सह्याद्रीची भिंत खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटर चढते. गाडीची सडक होण्यापूर्वी ही भिंत ओलांडणारा माल प्रामुख्याने बैलांच्या पाठीवरून जाई. लमाणांचे तांडे मीठ, धान्य आणि कापूस गोण्यांत भरून नेत. बैलगाडी असूनही घाटात ती निरुपयोगी, कारण बैलाला स्वतःचे अंग आणि पाठीवरची गोणी चढवता येते. पण जुवाला जोडलेले ओझे त्याला सतत मागे खेचत राहते. थांबला तर गाडी मागे येते, आणि मागे आलेली गाडी बैलांनाही घेऊन दरीत जाते.

घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेले महादेवाचे देऊळ आणि मोठा तलाव आहे. ही जागा नीट पाहावी. चढाला लागण्यापूर्वी माणसाने आणि जनावराने पाणी प्यावे, दम खावा, मग निघावे. पुढे मोटारी आल्या तेव्हा रेडिएटरात पाणी भरायला त्याही खोपोलीतच थांबू लागल्या. वाहन बदलले, थांबा तोच राहिला.

१८०४ च्या सुमारास वेलस्लीच्या फौजेने तोफा नेण्यापुरता घाटमार्ग सुधारला. चाकाची गाडी नीट जाईल अशी सडक मात्र गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, १८३० मध्ये खुली झाली. लोणावळ्याजवळचा अमृतांजन पूल त्याच सडकेचा. ५ एप्रिल २०२० रोजी तो पाडण्यात आला. या सडकेने बैलांची ताकद वाढवली नाही. तिने चढ लांबवला, वळणे घातली आणि उभा डोंगर तिरका केला. तेवढीच उंची जास्त अंतरावर वाटली की दर पावलाला लागणारी ओढ कमी होते. ओढीच्या हिशेबातला पहिला धडा हा : ताकद वाढवता येत नसेल तर चढ मऊ करा.

जिथे तेवढ्याने भागत नसे तिथे गाडीवान एका जोडीपुढे दुसरी जोडी जुंपत, किंवा माल दोन खेपांत नेत. दर थोड्या अंतरावर चाकामागे दगड ठेवून बैलांना दम देत. ओझे वाटा, ओढ वाढवा, थांबून थंड व्हा. पुढच्या काळातले उपाय याच तिन्हींच्या आवृत्त्या आहेत.

सदतीस फुटांना एक फूट

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. पाच वर्षांत एका बाजूने रूळ घाटाच्या पायथ्याला आले आणि दुसऱ्या बाजूने, १८५८ मध्ये, खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट रिकामा होता. प्रवासी खाली उतरून पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने वर जात आणि पुन्हा गाडीत बसत.

जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांच्यापुढचा प्रश्न कठीण होता. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार सहज फिरते. सपाटीवर एक टन ओझे चालते ठेवायला चार-पाच किलोची ओढ पुरते. हाच रुळाचा मोठा गुण. पण चढ लागला की हाच गुण अडचण होतो. दर ३७ फुटांना एक फूट चढ असेल तर प्रत्येक टन २७ किलोच्या जोराने मागे खेचतो. म्हणजे सपाटीवर जे इंजिन आरामात गाडी नेते त्यालाच घाटात सुमारे सातपट ओढ द्यावी लागते. शिवाय रूळ पावसाने ओले झाले की चाके जागच्या जागी फिरतात. मग रुळावर वाळू सोडावी लागते.

बोरघाटाचा लोहमार्ग सुमारे २५ किलोमीटर लांब आणि १,८३१ फूट चढणारा. त्याचा सर्वांत तीव्र चढ हाच, ३७ फुटांना एक. मार्गावर २५ बोगदे खोदावे लागले. खंडाळ्याच्या खाली तर डोंगराच्या सोंडेवर गाडी वळवायला जागाच नव्हती. तिथे रिव्हर्सिंग स्टेशन बांधले. गाडी एका दिशेने येऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लावले जाई आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढे. डोंगर चढणारा माणूस नागमोडी वाटेच्या टोकाला क्षणभर थांबून वळतो, तसेच हे.

१८५६ मध्ये काम सुरू झाले. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याच्या काळात मजुरी थकल्यामुळे जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा मोठा दंगा झाला आणि त्याच वर्षी त्याने कंत्राट सोडले. त्यानंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत आजाराने वारला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट हातात घेतले आणि दोन अनुभवी अभियंत्यांकरवी ते तडीला नेले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले. बर्कले ते पाहायला नव्हते. आदल्या वर्षी त्यांचे निधन झाले होते.

कामाच्या भराच्या काळात घाटात चाळीस हजारांवर मजूर होते. पटकी, ताप, सुरुंगाचे स्फोट आणि कड्यावरून पडणे यांत हजारो मेले. बर्कलेचे नाव इतिहासात आहे, ट्रेडवेलबाईंचेही आहे. ज्यांनी दोराला लोंबकळत कड्यात पहारीने भोके पाडली त्यांची नावे नाहीत.

लोकांनी मात्र एक नाव धरून ठेवले आहे. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. दंतकथा अशी की, साहेबांना घाटाची वाट सापडेना तेव्हा शिंग्रोबा धनगराने जनावरांच्या चालीवरून ती दाखवली. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घालण्यात आली. कागदोपत्री पुराव्याच्या अंगाने मी या कथेकडे पाहत नाही. जनावर डोंगर चढताना सर्वांत मऊ चढ शोधते, आणि ते रोज पाहणाऱ्या माणसाला तो चढ ठाऊक असतो, एवढे खरे तिच्यात आहे. ट्रकवाले आजही तिथे नाणे टाकून पुढे जातात.

मागून रेटणारे

कर्जत स्टेशनवर पुण्याकडे जाणारी गाडी थांबली की प्रवासी वडापाव घ्यायला धावतात. त्या वेळात गाडीच्या शेपटीला बँकर इंजिने लागत असतात. लांब गाडीला दोन किंवा तीन. गंमत म्हणजे मुंबईहून निघालेली ही गाडी रेल्वेच्या भाषेत 'डाउन'. घाट चढत असली तरी डाउनच.

ही जादा इंजिने पुढे न लावता मागे का? याचे उत्तर जोडात आहे. सगळी ओढ पुढून असेल तर पुढच्या इंजिनामागच्या पहिल्या कपलिंगवर अख्ख्या गाडीचा भार येतो. ते तुटले तर मागचे डबे उतारावरून सुटतात. मागून रेटले की पुढच्या कपलिंगवरचा ताण हलका होतो आणि मधे कुठे जोड तुटलाच तर मागे आधाराला इंजिन असते. गाडीवान चाकामागे दगड ठेवायचा, तोच दगड इथे इंजिन होऊन सोबत चालतो.

१९२९ मध्ये घाटात दोन मोठे बदल झाले. नव्या मार्गामुळे रिव्हर्सिंग स्टेशन बंद झाले आणि पुण्यापर्यंत विजेची गाडी आली. मालगाड्यांसाठी आलेल्या विजेच्या इंजिनांना रेल्वेतले लोक 'खेकडा' म्हणत. खेकडा उतरताना आपल्या मोटरींना जनित्र बनवून वीज तारेत परत सोडत असे. म्हणजे उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हातभार लावी. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली ती याच विजेच्या जोरावर.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली आणि ती बँकरशिवाय घाट चढते. तिची ताकद एका इंजिनात नाही. गाडीभर वाटलेली आहे, निम्म्या आसांना मोटरी आहेत. बैलांच्या दुसऱ्या जोडीपासून निघालेला विचार इथवर आला : ओझे जितके लांब, तितकी ओढ त्याच्या लांबीवर वाटा.

रबरी चाकांचा हिशेब

रस्त्यावरच्या गाडीला बँकर नाही. तिला आपल्याच इंजिनावर चढायचे असते आणि म्हणून तिच्या तक्रारी नीट समजून घ्याव्या लागतात.

१६ टन वजनाचा भरलेला ट्रक धरा आणि २० फुटांना एक फूट असा चढ. ताशी २० किलोमीटरने तो चढवायला केवळ चढापोटी सुमारे ५८ अश्वशक्ती लागते. ताशी ४० ने चढवायला ११७. टायरांचे घर्षण वेगळेच. शंभरेक अश्वशक्तीचे जुने ट्रक घाटात मुंगीच्या चालीने का जात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. त्यात लोणावळ्याच्या उंचीवर हवा पाच-सहा टक्के विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनाची तेवढी ताकद वाटेतच कमी होते. हा बिघाड नाही, निसर्ग आहे. जो चालक हे जाणत नाही तो ॲक्सिलरेटर दाबून धरतो, काळा धूर काढतो आणि पंप खराब झाला असे समजतो.

तापण्याचेही तसेच. चढावर इंजिन सर्वांत जास्त उष्णता निर्माण करते, आणि नेमका तेव्हाच वेग कमी असल्याने रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. म्हणून जुने चालक लवकर खालचा गिअर टाकत. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे वाढतात, त्याबरोबर पंखा आणि पाण्याचा पंपही जोरात फिरतो. वरच्या गिअरमध्ये रेटत राहिले तर इंजिन कण्हते आणि पाणी उकळते. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांत पेट्रोल नळीतच उकळून वाफ होई आणि गाडी बंद पडे. त्यावर उपाय एकच : पंपावर ओले फडके गुंडाळून वाट पाहणे.

मागे ट्रेलर असला की हिशेबात आणखी एक अदृश्य आकडा येतो. एक टनाचा ट्रेलर २० फुटांना एक फूट चढावर ५० किलोने मागे खेचतो. अडकलेला ब्रेकही सहज तेवढाच जोर लावू शकतो. म्हणजे आमच्या टेम्पोमागे त्या दिवशी एक नाही, दोन ट्रेलर होते आणि दुसरा दिसत नव्हता. टायरात हवा कमी असणे, चाकाचे बेअरिंग धरणे हीसुद्धा अशीच न दिसणारी ओझी. ट्रेलरवर माल फार मागे भरला तर जोडाकडची बाजू उचलली जाते आणि ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकांची पकड सुटते. उलट ट्रॅक्टरच्या हुकावर भार फार आला की चढावर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

मिस्त्रीकाकांची पद्धत मी पुढे बऱ्याच चालकांशी बोलून ताडून पाहिली. तिचा क्रम असा. पहिले काय झाले ते विचारा : काटा आधी चढला तर दुखणे थंडाव्याचे, ओढ आधी गेली तर हवेचे, डिझेलचे, क्लचचे किंवा ओझ्याचे. इंजिनाचे फेरे वाढूनही गाडी वाढत नसेल तर क्लच घसरतोय. धूर पाहा : काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतेय. ओढ जाते पण धूरच येत नाही, तर डिझेलचा फिल्टर तुंबलाय का ते पाहा. मग सगळ्या चाकांचे ड्रम हाताने ताडा. एकच तापला असेल तर तिथे थांबा. आणि शेवटी, जागा सुरक्षित असेल तर, चाकांना दगड लावून जोड सोडा आणि गाडी एकटी चढवून पाहा. एकटी चढली तर इंजिन खोलू नका. पैसा लागत नाही अशी परीक्षा आधी, पैसा लागणारी शेवटी.

उतार

घाटाचा खरा हिशेब उतारावर चुकता होतो. एक टन वजन खोपोलीहून लोणावळ्याला उचलायला जवळजवळ दीड युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. १६ टनांच्या ट्रकमध्ये वर पोहोचताना अशी चोवीस युनिटे साठलेली असतात. उतरताना ती कुठेतरी जायला हवीत. सगळी ब्रेकमध्ये गेली तर त्या उष्णतेत सुमारे ३०० लिटर पाणी उकळीला येईल. ती उष्णता चार-सहा ड्रमांनी सोसायची! म्हणून ब्रेक धूर काढतात, मग धरेनासे होतात.

रेल्वेने हे फार लवकर ओळखले. घाटात कॅच सायडिंग असतात. त्यांचे रूळ उलटे वर चढत जातात आणि सांधा एरवी त्यांच्याच बाजूला लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने थांबून, ती ताब्यात आहे हे दाखवून दिल्यावरच मुख्य मार्ग मिळतो. सुटलेली गाडी आपोआप चढावर जाऊन थांबते. विश्वास चालकावर आहेच, पण विश्वासाच्या मागे दगडही लावलेला आहे.

२००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि चढाची तक्रार बरीच हलकी झाली. उताराची मात्र वाढली. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये सोडलेले ट्रक आणि कंटेनर घाटात ताबा सुटून पुढच्या मोटारींवर आदळल्याच्या बातम्या आपण वाचतो. यातली शोकांतिका अशी की आजच्या इंजिनात गिअर टाकून, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना डिझेल जवळजवळ जळतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला जळते. पैसे वाचत नाहीत आणि जीव जातात. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुन्या चालकांचे वाक्य एकेकाळी क्लिनर म्हणून राहिलेल्या पोराला वर्षानुवर्षे ऐकू येई. आता बऱ्याच ट्रकांवर क्लिनरच नसतो. पोरगा थेट स्टिअरिंगवर बसतो आणि ते वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचवणारा कुणी उरत नाही.

घाट बांधणाऱ्यांची नावे गेली ती गेली. त्यांच्यामागून आलेल्या गाडीवानांची, बँकरवरच्या चालकांची, मिस्त्रींची समज तरी कागदावर उतरावी, एवढ्यासाठी हा लेख. ती समज कुठल्या अभ्यासक्रमात सहसा सापडत नाही. ती हाताच्या मागच्या बाजूत असते आणि माणसाबरोबर जाते.

मिस्त्रीकाकांनी त्या दिवशी तार कापली, चाक हाताने फिरवून पाहिले आणि सुटा झालेला ट्रेलर पुन्हा जोडून दिला. पैसे किती म्हणून विचारले तर म्हणाले, "तारेचे तर मी काही लावलेच नाहीत. चहा पाजा." मग मित्राला बाजूला घेऊन म्हणाले, "आता हातब्रेक नाही, लक्षात ठेव. उभा करशील तिथं दगड लाव. आणि उतरताना घाई करू नको." लग्नात दिवे वेळेवर लागले. परतताना आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, शिंग्रोबाशी थांबलो, आणि चाकांना दगड लावून मगच देवळात गेलो.